मुखरूने प्लेट कुठे वळवली

मुखरू ढिवर आयुष्यभर मासोळ्यांसाठी तलावात पाहत आला होता. दोन हजार तीनमध्ये ब्रह्मपुरीला सोलरचं प्रशिक्षण सुरू झालं आणि त्याला वर पाहायला शिकावं लागलं. किती दिव्यांना केवढी बॅटरी लागते, तार कुठे जोडायची, प्लेट किती तिरपी ठेवायची, हे सारं तो जाळं विणण्याच्या सवयीने शिकला. शेवटी शिकवणाऱ्या भैयाजींनी सांगितलं, "आपापल्या घरी बसवा. मी येऊन पाहीन. जेवणं होईस्तोवर ज्याचा दिवा टिकला, गावातले दिवे बसवायचं काम त्याच्याकडे."

प्लेट दक्षिणेकडे हवी होती. त्याची माय सुकरी अंगणात आडवी उभी राहिली.

"दक्षिणेले तोंड करून आमी जेवत बी नाई. अन तू घरावर यमाले आरसा दाखवून राह्यला?"

मुखरूने प्लेट पूर्वेला वळवली. सूर्य तर तिकडूनच निघतो, असं त्याने स्वतःला समजावलं. भाद्रपदातलं आभाळ मात्र सकाळी झाकलेलंच असे, आणि उघडेपर्यंत सूर्य प्लेटच्या पाठीमागे गेलेला. संध्याकाळी दिवा लागला, पिवळा पडला, विझला.

बायको रंभा अंधारातून म्हणाली, "झोपला का जी तुमचा सूर्य? अजून भात वाढाचा हाय."

"माय, उद्या भैयाजी येते. असंच राह्यलं तं काम गेलं."

"मंग जाऊ दे. मासोळ्या कुठी पळून राह्यल्या?"

"तूच मासोळ्या छपराच्या दक्षिणेकडच्या कवेलूवर वाळवतं ना?"

"त्या मेलेल्या रायतेत."

"प्लेटमधी तरी कुठी जीव हाय?"

"जीव नाई तं उजेड कुठून देते?"



दुसऱ्या दिवशी त्याच्या बापाची तिथ होती. सुकरीने पित्राचा घास काढला, दक्षिणेकडे हात जोडले आणि तशीच थांबली. मग शिडीकडे पाहत म्हणाली, "तुहा बाप तं तिकडंच हाय. वळव. पाहू दे त्याले, पोरगा काय शिकला ते."

मुखरूने लगेच वर चढून प्लेट दक्षिणेला वळवली. दुपारभर ऊन कडक पडलं.

दिवेलागणीला आलेले भैयाजी जेवायलाच बसले. भात झाला, मासोळीचा रस्सा झाला, काटे ताटाच्या कडेला गोळा झाले. दिवा पांढराच होता.

"काम तुह्याकडं," भैयाजी हात धुताना म्हणाले. "पण येता येता प्लेटवर भात दिसला. काच साफ ठेवत जा. अन घास दुसरीकडं ठेवा, बाई."

"मी कवेलूवरच ठेवला होता, भाऊ," सुकरी म्हणाली. "पन कावळा घास उचलून थेट प्लेटवर जाऊन बसला. आता जेवत्याले कोन उठवते?"