तेल न घेणारी जागा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी. आजही तसाच आहे. त्यामुळे हे वाचून कोणी मला उतारा वगैरे सुचवू नये... घडलं ते फक्त सांगतोय.

वर्ध्यात एका आरा मशीनवर मी बावीस वर्षं मॅनेजर होतो. लाकूड मला कळतं, हे छातीठोकपणे सांगतो. ९४ साली घर बांधलं तेव्हा पुढच्या खोलीत फरशीऐवजी सागवानाच्या पट्ट्या टाकल्या. कुठल्यातरी जुन्या घरातलं लाकूड असेल, असं कोणी म्हणेल — नाही. लठ्ठा माझ्यासमोर चिरला, पट्ट्या माझ्यासमोर वाळल्या.

निगा मी स्वतः ठेवायचो. पाण्याची बादली त्या खोलीत आणायचीच नाही. पुसायचं ते घट्ट पिळलेल्या फडक्याने. खुर्च्यांच्या पायांखाली जाड कापड. उन्हाळ्यात आणि दिवाळीआधी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्यायचं. तेलाच्या चिंध्या अंगणात पसरून वाळवायच्या. गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात.

२००१ च्या उन्हाळ्यात तेल लावलं आणि खोलीच्या मधोमध एक तुकडा कोरडाच राहिला. तेल मुरेना. थेंब थेंब होऊन वर बसे, पुसलं की जागा पुन्हा फिकट. आमच्या मुकुंदा मिस्त्रींना वाटलं, मेण सांडलं असेल. त्यांनी पॉलिशपेपरने घासून दिलं. तरी तेच. कडा मात्र गुण्या लावून आखल्यासारख्या सरळ. मी टेप लावला — सहा फूट बाय तीन फूट.

मिस्त्री उकिडवे बसले, बोटाने पट्ट्या मोजल्या आणि म्हणाले, "साहेब, लाकूड बिघडलं तं एका पट्टीत बिघडते. असं सात पट्ट्यांवरून आडवं नाई बिघडत."

माझी बायको नंदा समुद्रपूरच्या एका शाळेत शिकवायची, एसटीने जाऊन-येऊन. त्याच वर्षीचा पावसाळा संपत आला होता. एका संध्याकाळी बसमधून उतरताना तिचा पाय घसरला आणि ती पाठीवर पडली. मणक्याला मार. तीन आठवडे सेवाग्रामच्या दवाखान्यात काढले. कमरेखाली हालचाल नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाय परत येतील की नाही हे आत्ता सांगता येणार नाही. घरी न्या, व्यायाम करून घ्या.

माझा धाकटा भाऊ विलास याने लोखंडी कॉट भाड्याने आणून आधीच मांडून ठेवली होती. नंदाला घेऊन आलो आणि मी दारातच थबकलो. कॉटचे चारही पाय त्या तुकड्याच्या चारही कोपऱ्यांवर! इथेच का ठेवलीस, विचारलं. पंख्याखाली ठेवली, म्हणाला. डाग बघून ठेवली असेलही, मान्य. पण कॉटचं माप?

दिवाळीआधी मी नेहमीसारखं तेल घेऊन बसलो. कॉटखाली हात घालून पुसत होतो, तर पायथ्याकडे वीतभर जागेत तेल मुरलं. चार दिवसांनी नंदाच्या पायाचा अंगठा हलला. योगायोग म्हणून मी सोडून दिलं... पण पुढच्या रविवारी पुन्हा चिंधी घेऊन वाकलोच. मग दर रविवारी. कोरडी जागा उशाकडे सरकत होती. तिला काही बोललो नाही, फक्त तू चालशील, एवढंच ठामपणे सांगायचो. तिला वाटे, मी धीर देतोय.

पुढच्या उन्हाळ्यात ती वॉकर धरून उभी राहिली. कॉट परत केली तेव्हा खाली सगळीकडे एकसारखी चकाकी होती.

नंतर एका ओळखीच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. साबणाचा थर, दमटपणा, बरंच काही म्हणाले. त्यातलं एकही मापाला उत्तर देत नाही.

२००४ च्या दिवाळीत नंदा काठी टेकत माझ्याजवळ येऊन बसली. मी तेल लावत होतो. तेव्हा पहिल्यांदा तिला त्या जागेबद्दल सगळं सांगितलं.

"तुमी त्या जागेवरून सरळ चालत जात होते," ती म्हणाली. "मी पडायच्या आधीची गोष्ट सांगून राह्यली. मले कसंतरीच होये. मी कधी पाय नाई ठेवला तिथं."

"काऊन?"

"कोनी निजलं असलं तं मानूस वळसा घालूनच जाते ना."

कोण निजलं होतं, हे मी तिला विचारलं नाही. अजूनही नाही.