जयवंतचा उजवा हात

असल्फ्याच्या टेकडीवर राहणाऱ्या जयवंत घाडीला यंत्रातलं सगळं कळतं, असं त्याच्या घरात कधीचंच ठरून गेलं होतं. मिक्सर कुठला घ्यायचा, नळाला वायसर कुठला बसेल, शेवटचा शब्द त्याचा. साकीनाक्याच्या एका कारखान्यात तो पितळी नळांना बफिंग करतो, म्हणजे फिरत्या चाकावर धरून त्यांना चकाकी आणतो. एकतीस वर्षं ती थरथर त्याने हातात झेलली आणि गेल्या दिवाळीपासून उजव्या हाताची बोटं मेल्यासारखी झाली. शर्टाचं बटण लागेना. चहाचा ग्लास डाव्या हाताने उचलायला लागला.

हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. शेठला कळलं तर मशीनवरून उठवणार, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी उठवलेल्या माणसाला दुसरं कोण बसवून घेतं? डॉक्टरकडे जायचं सोडून तो बोटांना खोबरेल चोळत बसला. शहाणपणाच म्हणायचा!

जुन्या सायकलची फ्रेम मोडली तेव्हा नोकरीला लागलेली मुलगी श्रुतिका म्हणाली, "बाबा, जाड टायरवाली घेऊ, डोंगरात चालवतात ती. आपल्या उतारावर तीच टिकेल. मी देणार पैसे, वाद नकोय."

दुकानात दोन सायकली समोर आल्या. एकीला रिमवर घासणारे रबराचे ब्रेक, दुसरीला तेलावर चालणारे डिस्क ब्रेक. दुसरी चांगलीच महाग.

"काका, डिस्कला एक बोट पुरतं," दुकानदार म्हणाला. "पावसात रबर घसरतं. उतार असेल तर हीच घ्या."

एक बोट पुरतं. जयवंतने ते मनात दोनदा म्हटलं. मग रबरवालीचा ब्रेक दाबून पाहिला, डाव्या हाताने. उजवा खिशात होता.

"डिस्कवालीच घे ना, बाबा."

आता एवढंच म्हणायचं होतं की, बाय, माझ्या हातात जोर राहिला नाही. पण तोंडातून भलतंच निघालं. "कशाला? तेल गळलं तर कोण बघणार? रबर मी घरी दहा मिनिटांत बदलीन. डिस्क म्हणजे पोरांचा शो गं. हातात दम असला की झालं."

ती आणखी एकदा आग्रह करील या आशेने तो उगाच पेडल फिरवत उभा राहिला. पण त्याच्या शब्दावर वाढलेली पोर ती. तिने पर्स उघडली.

"बरं. तुला जास्त कळतं."

पहिल्याच सकाळी उतारावर त्याने उजवा ब्रेक दाबला आणि बोटं मिटलीच नाहीत. डाव्या ब्रेकने मागचं चाक धरलं, ते खडीवरून घसरलं. पाय घासत, भिंतीवर खांदा आपटत तो कसाबसा सार्वजनिक नळापाशी थांबला.

"ओ घाडी, सायकल आहे की विमान?" पाणी भरणारी रत्नप्रभा ओरडली. तो हसला. खांदा आठवडाभर ठणकत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो अर्धा तास लवकर निघायला लागला. उतार पायी, सायकल डाव्या हाताने सावरत. सपाटीवर आलं की मग वर बसायचं. बायकोला, मालनला, कोण कौतुक! "सायकल इली नि माणूस लवकर उठाक लागलो," ती शेजारणींना सांगत सुटली.

महिन्याभराने एके दिवशी श्रुतिकालाही ऑफिसला लवकर जायचं होतं. अर्ध्या उतारावर तिला बाप दिसला, सायकल ढकलत चाललेला.

"काय झालं रे बाबा?"

"काही नाही. चाकात हवा कमी वाटते."

ती वाकली, अंगठ्याने टायर दाबला. दगडासारखा टणक. दुसराही तसाच. मान वर केली तेव्हा समोर त्याचा खिसा होता आणि खिशात उजवा हात. दुकानातही तो तिथेच होता, हे तिला आत्ता आठवलं.

"हो," ती म्हणाली. "कमीच आहे."

उजव्या बाजूला जाऊन तिने हँडल धरलं. पायथ्यापर्यंत दोघांनी मिळून सायकल उतरवली. खाली पोचल्यावर जयवंत सायकलवर बसला आणि साकीनाक्याच्या दिशेने निघाला, नेहमीसारखा, बफिंगच्या चाकाकडे.