उपवासाला मोगो

नागपूरच्या स्टेशनवर आम्ही उतरलो तेव्हा घ्यायला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं: आता घरी आलात. मी सतरा वर्षांची होते आणि नागपूर पहिल्यांदाच पाहत होते. माझं घर कंपालाला होतं. तिथल्या सरकारने आम्हा सगळ्या भारतीयांना देशातून निघून जायला सांगितलं आणि आम्ही निघालो. त्याबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आलं, मी त्यात भर घालणार नाही. वडील काम शोधायला इंग्लंडला गेले आणि आई आणि मी त्यांच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांकडे, सक्करदऱ्याजवळच्या तीन खोल्यांत राहायला आलो.

मोठ्या आईने आम्हाला जागा करून दिली, हे आधीच लिहून ठेवते. कपाटाचे दोन खण आईला दिले. मला कॉलेजात घालण्यासाठी मोठ्या बाबांच्या मागे लागली. ती खाप्याच्या शेतकरी घरातली, हाताला चव होती, आणि तिच्या हातचं मी नाक मुरडून कधी खाल्लं नाही. झुणका आवडला, वांग्याचं भरीत आवडलं, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी आवडलं. पण पोट भरल्यावरही काहीतरी राहून गेल्यासारखं व्हायचं. ते काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला मोगो हवा होता.

मोगो म्हणजे एक कंद. हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, वरून झाडाच्या सालीसारखा तपकिरी, आतून दुधासारखा पांढरा. आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर एक बाई निखाऱ्यांवर तो भाजत बसायची. मधोमध चिरून, लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून त्यावर चोळायची आणि कागदात गुंडाळून द्यायची. इंग्रजी शाळा, इस्त्रीचा गणवेश, आणि घंटा झाली की आम्ही सगळ्या त्या बाईभोवती. घरी आई तो उकडून तुपाजिऱ्यावर परतायची, वर दाण्याचं कूट घालायची. आमच्याकडे कामाला असलेल्या तिथल्याच बाईने मला तो सोलायला शिकवलं होतं.

एकदा जेवताना मी हे सांगितलं. मी पानावर फारशी बोलत नसे, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. मोठी आई वाढता वाढता म्हणाली, "हबश्यांचं खाणं ते. आता आपल्या घरी आली ना तू? आता विसर ते. माझ्या शेगडीवर नाही चढायचं असलं काही."

ती रागाने बोलली नव्हती. म्हणूनच ते मनात जास्त राहिलं. मी आईकडे पाहिलं. आई भात कालवत होती. कंपालाला सगळं घर हाकणारी माझी आई इथे चहासाठी शेगडी पेटवतानाही विचारत असे. मी तेव्हाच ठरवलं की या स्वयंपाकघरात एकदा मोगो शिजला पाहिजे. चोरून नाही, सगळ्यांच्या समोर. आणि कंपाला माझं घर होतं, हे मला कोणी विसरायला सांगता कामा नये. मला दुसरं काही नको होतं.

पण मोगो मिळायचा कुठे? कॉटन मार्केटात मी तीन वेळा गेले. मराठीत त्याला काय म्हणतात ते मला येत नव्हतं, म्हणून वहीच्या पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून नेलं. एका भाजीवालीने सुरण दाखवला, दुसरीने रताळी. तिसरीने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि शेजारणीला विचारलं, "हे काय काढलं वं या पोरीनं? मुळा आहे का लाकूड?" शेजारीण म्हणाली की लाकूडच असेल, सरपणाच्या टालावर पाठव तिले. दोघी हसल्या. मी कागद घडी करून वहीत ठेवला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले.

मिळाला तो कॉलेजात. माझ्या बाकावर एक मल्याळी मुलगी बसायची. तिचे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला होते आणि ती रोज तिथून बसने यायची. दोघीही मुखदुर्बळ, म्हणून आमचं बरं चालायचं. ती डबा नेहमी झाकण अर्धं उघडून खायची. एके दिवशी झाकण घसरलं. आत हळद घातलेल्या, खोबऱ्यात घोळलेल्या फोडी होत्या. रंग ओळखीचा नव्हता, पण फोडीच्या मधून निघालेला तो दोऱ्यासारखा तंतू मी कुठेही ओळखला असता. मी विचारलं हे काय आहे. तिने हात आडवा धरला. तिला वाटलं मी हसणार. मी म्हटलं, एक दे. ती मी सावकाश चावून खाल्ली. ती म्हणाली, याला आम्ही कप्पा म्हणतो. मी म्हटलं, आम्ही मोगो म्हणतो. त्या दिवशी तिने झाकण पूर्ण उघडून डबा संपवला.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी तिच्याबरोबर खापरखेड्याला गेले. क्वार्टरच्या मागे हातभर जागेत आठदहा झाडं होती. पाच बोटांची पानं, त्यांवर धुराड्यांतून येणाऱ्या राखेचा थर. तिच्या वडिलांनी लुंगी खोचली, एका झाडाचं खोड दोन्ही हातांनी धरलं आणि उपटलं. मातीसकट पाचसहा मोगो वर आले. मी तिथेच उकिडवी बसले आणि माती झाडत राहिले. वडील मोडक्या हिंदीत म्हणाले की आजच्या आज नाहीतर उद्या शिजव, उपटल्यावर हा दोन दिवसांत आतून काळा पडतो.

मी सांगितलं की उद्या आमच्याकडे उपवास आहे.

"उपवास में तुम लोग क्या खाता?" त्यांनी विचारलं.

"साबुदाणा."

"वो क्या है मालूम?" त्यांनी मोगो माझ्यासमोर धरला. "यही है. इसको पीसता, दूध निकालता, गोली बनाता, सुखाता. हमारे मुलुक के बाजू में कारखाना है इसका. तुम लोग खाता, मालूम नहीं क्या खाता."

परत येताना बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन मी मराठी वाक्यं जुळवत होते. माझी मराठी आईकडून ऐकलेली, भांडायला कधी वापरली नव्हती.

शिवरात्रीच्या सकाळी मोठी आई परातीत भिजलेला साबुदाणा मोकळा करत बसली होती. आई दाणे भाजत होती. मी पिशवी आणून फरशीवर रिकामी केली.

"हे काय वं?"

"मोगो."

"आज शिवरात्र आहे. आज तरी राहू दे."

"उद्यापर्यंत खराब होतील."

"होऊ दे मग. काहून जीव टाकून राहिली त्या लाकडांवर?"

बसमध्ये जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. एकच आठवलं. "मोठी आई, तुझ्या हातात आहे ना, ते याचंच आहे."

ती हसली. साबुदाणा झाडाला लागतो, ज्वारीसारखा, एवढंही ठाऊक नाही या पोरीला, असं ती आईला सांगू लागली. मग मी ऐकलेलं सगळं सांगितलं. कसा दळतात, कसं दूध काढतात, कशा गोळ्या करतात. मोठे बाबा वर्तमानपत्र हातात घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "खरं आहे ते. कंदाचाच असते."

मोठ्या आईने मान वळवली. "तुमाले मालूम होतं?"

"मले कोणी विचारलं कधी?"

तिने परातीतून हात काढला. बोटांना चिकटलेले दाणे एकेक करून पुसले. मी मनाशी म्हणाले, आता मोगो उचलून बाहेर ठेवायला सांगेल, आणि मी ठेवणार नाही.

तेवढ्यात आई उठली. तिने कढई खाली उतरवली, सुरी घेतली आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. "ताई," ती जावेला म्हणाली, "मी आज उपवासाला हे खाईन."

चार महिन्यांत त्या घरात आईने स्वतःहून सांगितलेली ती पहिली गोष्ट.

"माझ्या भांड्यात नको," मोठी आई म्हणाली.

आईने आमच्या ट्रंकेतलं अल्युमिनियमचं पातेलं काढलं. आम्ही सोलायला बसलो. सालीवर उभी चीर द्यायची, तिच्यात सुरीचं टोक घालून साल उचकटायची, मग ती गुंडाळीसारखी एकसंध सुटते. आत गुलाबी कातडं, तेही काढायचं. आईचे हात विसरले नव्हते. उकडले, मधला तंतू ओढून काढला, तुपाजिऱ्यावर परतले, वर कूट, लिंबू. मोठ्या बाबांनी खिचडी खाल्ली आणि मोगोही खाल्ला. मोठ्या आईने दोन्ही खाल्लं नाही. दोन केळी आणि कपभर दूध घेऊन तिने दिवस काढला. हट्टाच्या बाबतीत मी तिच्यावर गेले असं लोक पुढे म्हणत, आणि ते मला मान्य आहे.

पुढच्या एकादशीला साबुदाणा पुन्हा भिजला. आदल्या दिवशी माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "तुझं ते मिळत असन तर आण. उपवासाले चालते." मी आणला. या खेपेला तिने तो तिच्या कढईत केला. एकदा पाहून तिला सगळं आलं होतं, तूप माझ्या आईपेक्षा सढळ. आई माझ्याकडे बघून हसली. आम्हाला वाटलं, झालं.

दुपारी शेजारच्या चार बायका भजनाला आल्या. भजन झाल्यावर मोठ्या आईने ताटली पुढे केली. बायका विचारू लागल्या, हे काय बाई नवीन? ती म्हणाली, "उपवासाचा कंद आहे. मद्रासकडचा. आमची पुतणी आणते." बायका खाऊ लागल्या. एकीने कृती विचारली.

मी लिंबाच्या फोडी घेऊन दारात उभी होते. कंपालाचं नाव गाळलं की मोगो चालत होता, मीही चालत होते. परक्या बायकांच्या घोळक्यात मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. पण गप्प बसले असते तर शिवरात्रीचं सगळं फुकट गेलं असतं.

मी म्हटलं, "मद्रासचा नाही. कंपालाचा. आमच्या घरी आम्ही हा उपवासाला नाही, एरवीच खायचो."

एकीने विचारलं, मग तिथले ते लोकही हेच खातात का.

"हो. त्यांचाच आहे. मला सोलायला त्यांनीच शिकवलं."

एकीने हातातली फोड ताटलीच्या कडेला ठेवली. दुसरी क्षणभर थांबली, मग तिने लिंबू मागितलं आणि खात राहिली. मोठी आई टाळ गोळा करायला उठली.

बायका गेल्यावर ती माझ्यापाशी आली. "काहून सांगतलं वं? चांगल्या खाऊन राहिल्या होत्या न त्या."

"म्हणूनच सांगितलं," मी म्हटलं.

ती ताटल्या घेऊन मोरीकडे गेली. मी तिच्या मागे समजूत काढायला गेले नाही.

त्याच आठवड्यात मी पुन्हा खापरखेड्याला गेले आणि बुधवारी, घरात कोणाचाच उपवास नसताना, मोगो केला. भिवापूरचं लाल तिखट घातलं, तेही हात न आखडता. आणि आई नको नको म्हणत असतानाही दोन मोठे कांदे चिरून घातले. कांदा पडला की कोणताही पदार्थ उपवासाचा राहत नाही.