एक्केचाळिसावं पान

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर हसत आलेय... आता तुम्ही मला हसा, तक्रार नाही.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं शेणव्याचं घर, तालुका शहापूर. मी तेव्हा पंचावन्नची — सगळी अक्कल देवानं मलाच वाटलीय, अशा थाटात वावरणारी. सासऱ्यांची, म्हणजे आबांची, नजर गेलेली. त्यात हृदयाचं ऑपरेशन ठरलं. पण आबा हटून बसले, "पोथी पुरी ऐकल्याबिगर मी नाय जायचा."

त्यांच्या गुरूंनी हातानं लिहिलेली ती संस्कृत पोथी. दोन फळ्यांमध्ये सुटी पानं. आजवर आबाच वाचायचे, तेही मनात. आता रोज दुपारी एक पान मी मोठ्यानं वाचायचं ठरलं. मला अर्थ शून्य! आबाच सांगायचे — देव आणि आपण वेगळे नाही, मग भक्ती कुणी कुणाची करायची, असा सगळा वाद.

बाविसाव्या पानाला कसर, कागद खाणारी कीड, दिसली. आबांनी बजावलेलं, पोथीला ऊन घरातच दाखवायचं, खिडकीशी, एकेक पान. शहाणीनं काय केलं? उरलेली पोथी अंगणात पापडांसारखी पसरली! बाजूला चुलीवर अंघोळीचं पाणी. वारा सुटला... एक पान सरळ जाळात. चिमटा आणेपर्यंत राख. पानं मोजली — गेलं ते एक्केचाळिसावं.

सांगते तर आबा दवाखान्याची पायरी चढले नसते. मी लपवलं. रोजचं पान वाचत राहिले.

चाळिसावं पान शिष्याच्या प्रश्नावर संपलं. आबा म्हणाले, "उद्या उत्तर यायचं गो. नीट वाच."

दुसऱ्या दिवशी बेचाळिसावं हातात घेतलं. तेच दडपून वाचायचं ठरवलेलं. नजर पहिल्या ओळीवर — आणि तोंडातून भलतंच निघालं! समोरची अक्षरं वेगळी, माझा आवाज वेगळा. थांबायला गेले, थांबता येईना. पान संपावं तसा तो आवाज आपोआप संपला.

आबांचे डोळे वाहत होते. "इतक्या दिवसांत आज पयल्यांदा एक पण चूक नाय केलीस."

ऑपरेशन झालं. आबा पुढे सहा वर्षं जगले. मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

लेक म्हणते, "आई, कधीतरी कानावर पडलं असेल." कुणाच्या तोंडून गं? मला आजही कळलेलं नाही. आणि ज्या उत्तराची आबा वाट बघत होते, ते माझ्याच तोंडून गेलं... त्यातला एक शब्द मला आठवत नाही.