जिन्याची पट्टी

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. तरी पोटासाठी मी नऊ वर्षं मोताळ्यातल्या एका पत्र्याच्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टरजवळ काढली. ही गोष्ट सुरुवातीची, महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची. माझं लग्नही नवंच होतं आणि बायकोला दिवस गेले होते.

बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ असे. रोहिणखेड, धामणगाव बढ्याच्या बैलगाड्या उजेडी घरी पोचाव्यात म्हणून मालक मला सिनेमा आखूड करायला लावायचे. आमचे मालक म्हणजे उंटावरचे शहाणे. गाणं ठेव, मारामारी ठेव, कोणी नुसतं चालत असेल ते काढ, एवढंच त्यांचं सांगणं. काढलेल्या पट्ट्या मी केबिनमध्ये खिळ्याला टांगायचो आणि बाजार झाला की परत जोडायचो. जोडणं भाग होतं, कारण रिळं अमरावतीला वितरकाकडे परत जात आणि तिथला तपासनीस ती बोटांखालून काढत असे. काही इकडचं तिकडे निघालं की ऑपरेटर घरी. माझ्या आधीचा असाच गेला होता.

त्या खेपेला खुनाचा सिनेमा आला. त्यात एक बाई कंदील पेटवून जिना चढते, दार उघडते, आणि मग आपल्याला दाराआडचा सुरेवाला दिसतो. बाजाराच्या खेळाला मी जिना उडवला आणि दाराआड नुसता उभा असलेला सुरेवालाही. बाई खाली दिसली आणि लगेच वर मेली. कुणाला काही वाटलं नाही. माझी बायकोही त्या खेळाला होती. घरी आल्यावर "मेली बिचारी" म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी घाईघाईत जोडताना सुरेवाल्याची पट्टी मी जिन्याच्या आधी चिकटवली. खेळ सुरू असताना केबिनच्या भोकातून पाहिलं तेव्हा चूक ध्यानात आली, पण चालती फिल्म थांबवणार कशी? पडद्यावर आधी दाराआडचा सुरा दिसला. मग खाली ती बाई, निवांत कंदील पेटवणारी. टॉकीजमधलं खोकणं थांबलं. बाई एकेक पायरी चढू लागली. तेच ते मालकांचं नुसतं चालणं, पण आता माझेच पाय केबिनमध्ये ठरेनात. पाचव्या पायरीला बायकांच्या बाजूने आवाज आला, "नको जाऊ माय, वर हाय तो!"

आवाज माझ्या बायकोचा होता. शेजारणीला सोबत म्हणून ती पुन्हा आली होती.

शेवटच्या खेळानंतर पट्ट्या जागेवर लावायला वेळ मिळाला नाही, असं मी पुढे कितीकांना सांगितलं. ते खोटं आहे. वेळ होता. कात्रीही हातात घेतली होती, पण मन होईना. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं आणि त्याने माणसं हलली होती. बायकोला काही न सांगता मी पेटी उचलली आणि अमरावती गाठली.

तपासनीस रीळ फिरवू लागला. मी समोर बाकावर. जिना जवळ येत होता ते मला ठाऊक, त्याला नाही. नेमकं जिन्याच्या जरा अलीकडे त्याने रीळ थांबवलं आणि चहा मागवला. बशीत ओतून, फुंकर घालून प्यायला. नंतर पान लावलं. नोकरी गेली तर बाळंतपणाला बायकोला कुठे नेऊ, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी चारदा उठलो, चारदा बसलो.

अखेर त्याच्या बोटाला जोड लागला. त्याने तो उजेडाला धरला, जोड पक्का आहे म्हणाला, आणि सही केली. जिन्याकडे त्याने पाहिलंच नाही.

सुटलो म्हणून हायसं वाटलं आणि रागही आला. एवढं केलं ते कुणाच्या डोळ्यांना दिसलंच नाही, आणि मी सांगायला जावं तर नोकरी जाणार.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. चुकीने केलेलं, मुद्दाम ठेवलेलं, तपासनिसाचा चहासुद्धा. वाटलं, हसेल. तिने परातीतला हात काढला आणि पदराला पुसला.

"मले सांगून जायाचं होतं," ती म्हणाली. "मीबी भेली असती तुमच्यासंगं."