चौकातल्या रसवंतीवर आमच्या घरचे दोघं

परवा भर उन्हात गाऊनवर ओढणी टाकून मी रहाटणीच्या चौकाकडे पळत सुटले. पळत म्हणजे माझ्या गुडघ्यांना झेपतं तेवढंच... हातात नातसुनेचं ऑफिसचं कार्ड. ते गळ्यात नसलं की तिला गेटवरून आत सोडत नाहीत म्हणे.

आधी घरातलं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. माझा नातू सुमित चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवतात त्या कंपनीत. फर्स्ट शिफ्ट, उजाडायच्या आत त्याची बस. नातसून पल्लवी हिंजवडीला, तिचं काम संध्याकाळी सुरू. रात्री कॅब तिला सोडते तेव्हा हा घोरत पडलेला. सुट्टी म्हणाल तर याला गुरुवारी, तिला शनिवार-रविवारी. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही...

शिफ्ट मला काही नवी नाही. आमचे हे पिंपरीत कंपनीतच होते, तेव्हाचा भोंगा अजून कानात आहे. पण तेव्हा नवरा कधीही आला तरी बायको घरात असायची. आता घरात मी, आणि जेवायची ताटं दोन वेळेला. भाजी दोन-दोनदा गरम करायची, सिलिंडर किती पुरणार सांगा.

दुपारी हा यायचा आणि ती निघायची, मध्ये अर्धा-पाऊण तास काय तो दोघांना मिळायचा. आणि तेवढ्यात भांडायचे. दळण कोणी आणायचं, लाइटबिल का राहिलं... एकदा दळणावरून असं वाजलं की पल्लवी न जेवता निघून गेली.

त्यानंतर भांडण बंद झालं, पण भेटणंच बंद झालं. ती लवकर निघायला लागली. "आजी, कॅब लवकर आहे." हा उशिरा यायला लागला. "चाकणचं ट्रॅफिक, आजी." आता चाकणचं ट्रॅफिक सगळ्यांना माहीत आहे, पण रोज? धिरडी करून ठेवली तर म्हणायचा, भूक नाही.

आजकाल पोरं वर्षाच्या आत वेगळी होतात, ऐकतो ना आपण. त्यात शेजारची मंदा जिन्यात म्हणाली, "काय ओ काकू, तुमच्या जोडीचं तोंड हल्ली एकत्र दिसत नाही." मी म्हटलं, तुझं दिसतं ना, बास झालं. बोलले खरी, पण घरात येऊन रडले.

तर परवा ती गेली आणि कार्ड खुंटीला तसंच. फोन लावला, उचलेना. म्हणून मी निघाले.

चौकात कॅब नव्हती. सुमितच्या कंपनीची बस मात्र माणसं उतरवून पुढे निघाली होती. मग आमचा सुमित कुठे, म्हणून इकडे तिकडे बघते, तर रसवंतीच्या ताडपत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलाय, युनिफॉर्ममध्ये. समोर पल्लवी. मध्ये स्टुलावर क्रीमरोल, त्यात काडेपेटीची काडी खोचलेली, आणि ही बाई ती फुंकून विझवते आहे. दोघं असे हसत होते की मी तिथेच खांबाला धरून उभी राहिले.

रसवाल्याने मला पाहिलं. "आजी, तुम्हाला बिगर बर्फाचा देऊ?"

दोघांनी वळून पाहिलं. सुमित उठला, "आजी, तू? उन्हात? पडली असतीस म्हणजे."

मी कार्ड पुढे केलं. पल्लवीचा हात गळ्याकडे गेला आणि चेहरा पडला. मी म्हटलं, "कार्डाचं राहू दे. घरी माझी धिरडी गार होतात आणि तुम्ही इथे क्रीमरोलला काड्या लावता?"

"आजी, चिडू नका ना," पल्लवी म्हणाली. "घरी बसलो की दळण आणि बिलच निघतं, आणि मग भांडण होतं. म्हणून ठरवलं, तेवढा वेळ इथे भेटायचं आणि घरातलं काही काढायचं नाही. उलट रोज कशाचा तरी आनंद करायचा."

"आज कशाचा?"

"काल रात्री हिने मीटिंगमध्ये साहेबाला इंग्रजीत नाही म्हणून सांगितलं, त्याचा," सुमित म्हणाला. "आणि कालचा आनंद, मला बसमध्ये खिडकी मिळाली होती."

"मग मला का सांगितलं नाही?"

पल्लवी हळूच म्हणाली, "तुम्ही एवढ्या मायेने करून ठेवता... कसं सांगणार, की आम्ही बाहेर खातो."

मी खुर्ची ओढली आणि बसले. माझा जीव भांड्यात पडला हो... इतके दिवस मी यांचा संसार मोडलेला बघत होते, आणि ही पोरं चौकात बसून तो सांभाळत होती. कॅब आली, पल्लवी माझ्या तोंडात क्रीमरोलचा तुकडा कोंबून पळाली. सगळी क्रीम माझ्या ओढणीवर.

रात्री पल्लवीच्या आईचा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलल्या, मग हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा, पोरं बोलतात ना एकमेकांशी? पल्लवी फोनवर त्याचं नाव काढत नाही." बिचारी तिकडे माझ्यासारखीच झुरत होती.

मी म्हटलं, "ताई, निवांत झोपा. मी माझ्या डोळ्यांनी बघून आलेय."

पलीकडे त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, बरं झालं तुम्ही गेलात. मीही तेच म्हणते... बरं झालं, गेले.