लेकीसाठी केलेल्या गप्पा

आमच्या घरात नवरा-बायकोचं भांडण कधी ऐकू येत नाही, असं शेजारी कौतुकानं सांगायचे. भांडायला आधी एकमेकांशी बोलावं लागतं, हे त्यांच्या ध्यानात येत नसे. आम्ही दोघं बोलायचो ते लेकीच्या मार्फत. "पप्पांना विचार, भाकरी वाढू का." "मम्मीला सांग, बास." आणि हे सगळं हाताच्या अंतरावर बसून, एकाच पातेल्यातली आमटी खाताना. लहानपणी तिला तो खेळ वाटायचा. पुढे तिला त्याची सवय झाली आणि आम्हाला तर दुसरं काही येतच नव्हतं.

याच्यामागं काही मोठं कारण असेल असं वाटलं तर तसं नाही. निफाडजवळच्या माझ्या सासरी घर माणसांनी भरलेलं होतं. मोठ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. यांना पाणी हवं असलं तरी जावेच्या पोरीकडून सांगावा यायचा, आणि मी पाणी तिच्याच हाती द्यायचे. यांना सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली, सिडकोत दोन खोल्यांचं घर मिळालं, तेव्हा वाटलं होतं, आता मनसोक्त बोलू. पण नाशिकला आलो तेव्हा लेक पोटात होती. मला उलट्या, यांना रात्रपाळी. बोलायची सुरुवात करायची राहून गेली ती राहूनच गेली, आणि लेक बोलायला लागल्यावर आपसात बोलायची गरजही उरली नाही.

मी काही मुखदुर्बळ बाई नाही. सकाळी बालवाडीत शिकवताना माझ्या तोंडाचा पट्टा सुटलेला असायचा. पोरांना गाणी, गोष्टी, दटावणी, सगळं. घरी यांच्यासमोर आले की मात्र जीभ टाळूला चिकटायची. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही, पगार झाला की पाकीट देवापाशी ठेवायचं. मैत्रिणींपाशी तक्रार करायला गेले असते तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. लेक बारावी झाली, चांगले मार्क पडले आणि अकोल्याला शेतकीच्या पदवीला तिचा नंबर लागला. हे तिला घेऊन जाऊन प्रवेश पक्का करून आले, वसतिगृह बघून आले. मी तयारीला लागले. पत्र्याची पेटी रंगवून घेतली. खुरासणीची चटणी कुटली, नागलीचे पापड बांधून ठेवले, गादी नव्यानं पिंजून घेतली. एकुलत्या एका पोरीला एवढं लांब धाडायचं जिवावर यायचं, पण ती तिथं शिकून साहेबीण होणार याचा आनंद त्याहून मोठा होता.

आणि एक दिवस, आम्ही दोघी दुपारच्या तांदूळ निवडत बसलेल्या असताना, ती म्हणाली, "मम्मी, मी नाय जात अकोल्याला. इथंच कॉलेजला जाते."

मला वाटलं घाबरली असेल. समजूत घालायला लागले तर म्हणाली, "घाबरू कशाला? मी गेल्यावर तुम्ही दोघं काय करणार ते सांग. गॅस संपला तर पप्पांना कोण सांगणार? त्यांचं पोट दुखलं तर तुला कोण सांगणार? तुम्ही नुसते बसून राहाल गं भुतासारखे."

मी भडकलेच. "तू आमची आई आहेस की आम्ही तुझे आईबाप? सगळा पसारा मांडून झाला आणि आता ही थेरं?" बरंच काही बोलले. ती खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. माझा राग ओसरल्यावर कळलं, पोरगी खरं तेच बोलतीये. आणि ती हट्टाला पेटली तर मिळालेला प्रवेश फुकट जाईल. आमच्या मुकेपणापायी तिचं शिक्षण जाईल.

आता हे यांना सांगायला हवं होतं. आणि एवढा एकच सांगावा असा होता, की तो तिच्याकडे देता येत नव्हता.

यांची पहिली पाळी होती. कंपनीची बस त्रिमूर्ती चौकात सोडायची. मी पिशवी घेतली, भाजीला जाते म्हणाले आणि बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. हे बसमधून उतरले, मला बघितलं आणि जागीच थांबले. तोंड पांढरं पडलं.

"कोण गेलं?" म्हणाले.

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. बायको न्यायला आली म्हणजे कोणीतरी मेलंच असणार! "कोणी नाही गेलं," मी म्हणाले, "पण लेक जायला तयार नाही." आणि तिथंच, लोकांच्या धक्क्यांत उभं राहून, सगळं सांगितलं. एका दमात सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

यांनी ऐकून घेतलं. मग चहाच्या गाडीवर नेलं. दोन चहा सांगितले. कप हातात घेऊन म्हणाले, "मंग बोलू की आपण. तिच्यासमोर."

"काय बोलायचं?"

"ते तू सांग. मला नाय सुचत."

तेव्हापासून आमचा कारभार सुरू झाला. मी रोज थांब्यावर जायची. घरी पोचेपर्यंत रमतगमत चालायचं आणि संध्याकाळी जेवताना कोणी काय विचारायचं, दुसऱ्यानं काय म्हणायचं ते ठरवायचं. नळाला पाणी कमी येतं, थोरल्या नणंदेच्या मुलाचं लग्न, औंदा द्राक्षांचं काय होणार, असे विषय. मी बालवाडीत पोरांकडून नाटुकली बसवून घ्यायची, तशी यांच्याकडून घटवून घ्यायची. हे दहा वेळा चुकायचे. "अगं" म्हणायलाच तयार नसायचे, लाज वाटते म्हणायचे. एकदा भर रस्त्यात, कोबीचा गड्डा हातात घेऊन, यांनी तीनदा "अगं, अगं, अगं" म्हणून दाखवलं. भाजीवाली बघतच राहिली. मी इतकी हसले की मला ठसका लागला.

जेवायला बसल्यावर आमचं सुरू व्हायचं. लेक आलटून पालटून आमच्या तोंडाकडे बघायची. पहिल्या दिवशी तिचा घास हातातच राहिला. एकदा हे आपलं वाक्य साफ विसरले. मी डोळ्यांनी खुणावतेय, घसा खाकरतेय, काही उपयोग नाही. मग एकदम म्हणाले, "तुझ्या आमटीला आमच्या घरची चव नाय. पण मला आता हीच लागते." हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी उठून उगाच पाणी आणायला गेले, कारण डोळे भरून आले होते. लग्न झाल्यापासून कुणी माझ्या हाताच्या चवीबद्दल मला एक शब्द सांगितला नव्हता.

ते दिवस फार सुखाचे गेले. मला दुपारपासून वेध लागायचे. केस नीट विंचरायची, बरं पातळ नेसायची. हे बसमधून उतरताना आधी मला शोधायचे, मी दिसले की चेहरा सैल व्हायचा. लग्नाआधी पोरं-पोरी फिरतात म्हणतात, आमचं ते वय उलटून गेल्यावर आलं, तेही लेकीला फसवण्यासाठी. आणि ती फसली. एक दिवस स्वतःच पेटीत कपडे भरायला लागली. माझा जीव भांड्यात पडला.

नाशिकरोडहून गाडी होती. तिथलीच एक मुलगी त्याच कॉलेजला निघाली होती, तिचे मामा सोबतीला होते. यांनी पेटी, वळकटी, बादली आत चढवली. लेक खिडकीशी बसली. माझा हात धरून म्हणाली, "बोला बरं का एकमेकांशी. मी नाय म्हणून बंद नका करू." आम्ही दोघांनी एकदमच "हो" म्हटलं. गाडी हलली. मी पदर तोंडात धरून उभी राहिले, आणि हे गाडीबरोबर फलाट संपेपर्यंत चालत गेले.

परतताना शहर बसमध्ये शेजारी बसलो होतो. मला वाटलं, आता काही बोलतील. द्वारका गेली, मुंबई नाका गेला. हे खिडकीबाहेर बघत होते. मीही बोलले नाही. घरी कुलूप काढलं आणि दोघं दोन खोल्यांत गेलो.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं थांब्यावर गेले. हे उतरले. मला बघून म्हणाले, "आता कशाला आलीस?"

रागानं नव्हे. मला उगाच तंगडतोड कशाला, एवढंच त्यांना म्हणायचं असेल. पण मी तशीच मागं वळले. म्हणजे ते सगळं लेकीपुरतंच होतं. मग मी जायचं सोडलं.

त्यानंतर जो सुन्नपणा आला तसा मी आधी कधी अनुभवला नव्हता. पूर्वी निदान लेकीच्या तोंडून यांचे शब्द यायचे. आता तेही नाहीत. ताट ठेवलं की हे जेवायचे, हात धुवायचे, टीव्हीसमोर बसायचे. गॅस संपला तेव्हा मी रिकामी टाकी दारात नेऊन ठेवली, यांनी ती बघितली आणि नव्या टाकीचं सांगून आले. असा संसार चालला. मी कुकरशी बोलायला लागले, दुधाच्या पातेल्याला रागवायला लागले. लेकीची आठवण यायची, ती येणारच. पण खरं सांगते, त्याहून जास्त आठवण मला यांची यायची. कोबी हातात घेऊन "अगं" म्हणणाऱ्या माणसाची. आणि तो तर समोरच बसलेला असायचा.

रविवारी खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे लेकीचा फोन यायचा. एका रविवारी तिनं वसतिगृहातलं, मेसमधलं सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "बोलता ना गं तुम्ही?"

"हो, तोंड दुखेपर्यंत," मी म्हणाले. ती खूश झाली.

वर आले. हे खुर्चीत बसून संध्याकाळचा चहा पीत होते. मी टीव्ही बंद केला. "मी आज लेकीशी खोटं बोलले," म्हणाले. "आपण बोलतो असं सांगितलं. ती इथं होती तोवर तुम्ही बोलत होतात. माझ्याशी बोलायला तुम्हाला काय होतं?" आवाज चढला होता माझा. खालच्या वहिनींना ऐकू गेलं असेल तर जाऊ दे, असं वाटलं.

यांनी कप खाली ठेवला. "मी रोज ठरवतो," म्हणाले. "कामावरून येताना. हे सांगू, ते सांगू. दार उघडलंस की सगळं जातं डोक्यातून."

"आज काय सांगायचं ठरवलं होतं?"

"आज सुट्टीच हाय."

"मग काल?"

यांनी कप पुन्हा उचलला. मला वाटलं, संपलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घर खायला उठतं मला. तू हायेस, तरी."

दुसऱ्या एखाद्या बाईला हे लागलं असतं. तू आहेस तरी, म्हणजे तुझं असणं नसल्यासारखंच. मलाही क्षणभर लागलं. पण कोणी शिकवलेलं नसताना, ऐकायला लेक नसताना, यांनी मला सांगितलेली ती पहिली गोष्ट होती, आणि ती शब्दन् शब्द खरी होती. मी यांच्या पायाशी जमिनीवर बसले.

"मलाही," मी म्हणाले. "तुम्ही आहात, तरी."